पुण्यात शिक्षकाची नवी नोकरी: पगार हातात येण्याआधीपासूनचा हिशेब

शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलच्या यादीत नाव लागलं, पुण्यातली शाळा मिळाली, गावात पेढे वाटून झाले. आता बॅग भरून स्वारगेटला उतरलेल्या प्रत्येक नव्या सर-मॅडमना हा लेख. खाजगी विनाअनुदानित शाळेत लागलेल्यांनाही यातलं निम्म्याहून जास्त लागू पडेल.

शिक्षकाचा पगार बेताचा असतो, त्यात वाद नाही. पण स्टाफरूममध्ये इतकी वर्षं बसून माझं मत असं झालंय, की बेताच्या पगारात भागवणं लोकांना जमतं. गाडी अडते ती दोन ठिकाणी: पगार नक्की कधी येणार ते माहीत नसणं, आणि पगारातून काय काय कापायचं यावर आपणच आधी सह्या करून बसणं. खालचं सगळं या दोन गोष्टींभोवतीच आहे.

पहिलं काम: खरा आकडा कागदावर मांडा

शिक्षण सेवक म्हणून, म्हणजे नियमित होण्याआधीच्या पदावर, रुजू झाला असाल तर तीन वर्षं ठराविक मानधन. जानेवारी २०२३ पासून ते प्राथमिकला १६,०००, माध्यमिकला १८,००० आणि उच्च माध्यमिकला २०,००० रुपये आहे. त्याआधी हेच आकडे ६,०००, ८,००० आणि ९,००० होते, त्यामुळे जुनी मंडळी “तुमचं बरं आहे बुवा” म्हणणार. ऐकून घ्या. मानधनावर महागाई भत्ता नाही, घरभाडे भत्ता नाही, वार्षिक वेतनवाढ नाही.

यातून कापला जातो व्यवसाय कर. महिना दहा हजारांच्या वर मिळत असेल तर पुरुषांना दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३००, म्हणजे वर्षाला २,५००. महिलांना महिना २५,००० पर्यंत हा कर नाही. तेव्हा मॅडम, मानधनातून दोनशे रुपये जात असतील तर लिपिकाला दाखवा आणि पुढच्या बिलात दुरुस्ती करून घ्या.

तीन वर्षांनी नियमित वेतनश्रेणी मिळते. सातव्या वेतन आयोगाच्या रचनेत प्राथमिक शिक्षकाचं सुरुवातीचं मूळ वेतन २९,२०० आणि माध्यमिकच्या प्रशिक्षित पदवीधराचं ३८,६००, वर महागाई भत्ता आणि घरभाडं. घरभाड्यासाठी पुणे मुंबईच्या बरोबरीनं सर्वांत वरच्या वर्गात आहे. उडी मोठी आहे, म्हणूनच धोक्याचीही आहे. “तीन वर्षांनी पगार वाढणारच आहे” या भरवशावर आज काढलेलं कर्ज ती वाढ यायच्या आधीच खाऊन टाकतं.

खाजगी शाळेत असाल तर नेमणूकपत्र घेताना तीन प्रश्न विचारा. मे महिन्याचा पगार मिळतो का? पीएफ कापता का, आणि शाळेचा हिस्सा भरता का? पगार बँकेत की रोख? मेचा पगार नसेल तर वर्षाचं उत्पन्न अकरा महिन्यांचं धरून त्याला बारानं भागा. तोच तुमचा खरा महिन्याचा पगार. आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊकच नसते: ग्रॅच्युइटीचा (नोकरी सोडताना मिळणाऱ्या एकरकमी रकमेचा) कायदा २००९ च्या दुरुस्तीनं शिक्षकांनाही लागू झाला, तोही १९९७ पासून मागे जाऊन, आणि २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यावर शिक्कामोर्तब केलं. पाच वर्षं सलग सेवा झाली की खाजगी शाळेनंही ग्रॅच्युइटी द्यायची असते. साडेचार वर्षांनी चिडून राजीनामा लिहायला बसाल तेव्हा एवढं आठवा.

दुसरं: बिनपगाराचे महिने

अनुदानित शाळेत रुजू झाल्याच्या दुसऱ्या महिन्यात पगार येईल अशा समजुतीत राहू नका. आधी वैयक्तिक मान्यता (तुमच्या नेमणुकीला शिक्षण खात्याची मंजुरी), मग शालार्थ आयडी (पगाराच्या ऑनलाइन प्रणालीतला तुमचा क्रमांक), मग वेतन पथकाकडे, म्हणजे पगाराची बिलं काढणाऱ्या कार्यालयाकडे, बिल. ही साखळी पूर्ण होईपर्यंत खात्यात एक रुपया येत नाही, आणि ती पूर्ण व्हायला कित्येक महिने जाऊ शकतात. राज्याचं शिक्षण आयुक्तालय पुण्यातच, सेंट्रल बिल्डिंगमध्ये आहे. पण तुमची फाइल तिथे नसते. तुमचा रस्ता शाळा, शिक्षणाधिकारी, उपसंचालक आणि वेतन पथक असा आहे. प्रस्ताव कोणत्या तारखेला, कोणत्या जावक क्रमांकानं गेला, हे शाळेच्या लिपिकाकडून लिहून घ्या आणि पंधरवड्यातून एकदा नम्रपणे विचारत राहा. त्रुटी निघाली तर कागद परत येतो, आणि तो परत आलाय हे विचारल्याशिवाय कळत नाही.

या काळासाठी निदान सहा महिन्यांच्या खर्चाची सोय गावाहूनच करून या. घरच्यांकडून, मामा-काकांकडून उसने घ्यावे लागले तर रक्कम आणि तारीख वहीत लिहा, देणाऱ्याला फोटो पाठवा. नात्यात हिशेब चोख असलेला बरा. मोबाइलवर पाच मिनिटांत कर्ज देणारी ॲपं आणि क्रेडिट कार्डावरून रोख रक्कम, या दोन्हींकडे फिरकू नका. पगाराची तारीखच ठाऊक नसताना तीस दिवसांच्या बोलीवर पैसे घेणं म्हणजे स्वतःहून दंडाला आमंत्रण.

राहणं, खाणं, जाणं

सुरुवातीला कॉट बेसिसच बरं, म्हणजे सामायिक खोलीत एका खाटेपुरतं भाडं. पण सदाशिव, नारायण, शनिवार या पेठांत स्पर्धा परीक्षेच्या मुलांमुळे कॉटचे भाव चढलेले असतात, आणि तुम्हाला अभ्यासिकेजवळ राहायची गरज नाही. शाळा जिथे असेल त्याच बाजूला बघा: कोथरूड-कर्वेनगरची शाळा असेल तर वारजे, सिंहगड रोडची असेल तर धायरी-नऱ्हे, सातारा रोडची असेल तर आंबेगाव-कात्रज. सकाळच्या सत्राच्या कित्येक शाळा सातच्या सुमाराला भरतात. हडपसरला राहून चिंचवडला शिकवायला जाणाऱ्याचं भाडं वाचतं, पण झोप जाते, आणि दुपारी थकून आलं की बाहेरून मागवून खाल्लं जातं.

दोघं-तिघं मिळून फ्लॅट घेणार असाल तर डिपॉझिट आणि दलाली मिळून तीन-चार महिन्यांच्या भाड्याइतकी रक्कम एकदम जाते, हे धरून चला. करार ११ महिन्यांचा असला तरी नोंदणी करून घ्या. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ प्रमाणे तो लेखी आणि नोंदणीकृत असावाच लागतो. डिपॉझिट परत मिळायची वेळ येते तेव्हा तोंडी बोलणं कामाला येत नाही. घर ताब्यात घेताना भिंती, नळ, पंखे यांचे फोटो काढून मालकांना पाठवा. “रंगकामाचे कापले” हे वाक्य पुण्यात फार प्रेमानं ऐकवलं जातं.

पीएमपीचा, म्हणजे शहर बसचा, पुणे आणि पिंपरी-चिंचवडसाठीचा मासिक पास जून २०२५ च्या भाडेवाढीनंतर १,५०० रुपयांचा झाला, दिवसाचा ७०. महिन्यात बावीस-तेवीस दिवस शाळा आणि रोज एकच बस असेल तर आधी सुट्या तिकिटांची बेरीज करा. कित्येकदा पास महाग पडतो. बस बदलत असाल तर पास घ्या.

आता एक नमुना. माध्यमिकचे शिक्षण सेवक, एकटे, कॉट बेसिसवर. व्यवसाय कर जाऊन हातात १७,८००. कॉट ४,०००, दोन वेळची मेस ३,५००, बस १,५००, मोबाइल ३००, चहा-नाश्ता १,५००, घरी पाठवायचे ३,०००. वर्गासाठी पदरचे ५००. हे ५०० मुद्दाम वेगळे लिहिलेत; तक्ते, झेरॉक्स, बक्षिसाच्या पेन्सिली यांचे पैसे कुणी देत नाही आणि कुणी मोजतही नाही. ठोक सामान रविवार पेठेत बोहरी आळीतून आणा, जुनी संदर्भपुस्तकं अप्पा बळवंत चौकातून. बेरीज झाली १४,३००. राहिले ३,५००. त्यातले २,००० पगाराच्या दिवशीच दुसऱ्या खात्यात, आणि १,५०० औषधं, गावाची एसटी, स्टाफची वर्गणी यासाठी. तुमचे आकडे वेगळे असतील, पण अशी यादी एकदा खऱ्या आकड्यांची करा. वर्गणीला हसू नका. कुणाची सेवापूर्ती, कुणाची वास्तुशांत, कुणाच्या मुलीचं लग्न. तीस जणांच्या स्टाफमध्ये एकही महिना कोरडा जात नाही.

तिसरं: थकबाकी आली की

हा भाग जरा सावकाश वाचा.

सात महिने काही नाही आणि मग एके दिवशी खात्यात १,२६,००० जमा. इतके पैसे खात्यात एकदम पहिल्यांदाच दिसलेले असतात. त्याच आठवड्यात घरून फोन येतो, मित्र पार्टी मागतात, आणि दसरा जवळ असेल तर दुचाकीच्या शोरूमचे बोर्ड डोळ्यांत भरतात.

क्रम असा लावा. पहिल्यांदा उसने घेतलेले सगळे फेडा, त्याच दिवशी. मग उरलेल्यातून एका महिन्याचा पूर्ण खर्च पगाराच्याच खात्यात पडू द्या आणि तो नाहीच असं समजा. यापुढे जूनचा खर्च मेच्या पगारातून, जुलैचा जूनच्या. सगळ्या लेखातून एकच गोष्ट करणार असाल तर ही करा. आपला पगार कधी एक तारखेला होतो, कधी दहाला, कधी अनुदान आलं नाही म्हणून पुढच्या महिन्यात. मालक मात्र पाच तारखेला दारात असतो. एक महिना पुढे असलेला शिक्षक ‘पगार कधी’ ही चर्चा चहाबरोबर ऐकू शकतो.

त्यानंतरचे आणखी दोन-तीन महिन्यांचे पैसे वेगळ्या खात्यात किंवा मोडता येईल अशा मुदत ठेवीत ठेवा. आणि बँकेतून आपोआप वळते होणारे हप्ते पाच तारखेला ठेवू नका. वीस तारीख सांगा. पगार लांबला आणि हप्ता परत गेला की बँक दंड लावते आणि सिबिलवर, म्हणजे तुमच्या कर्जफेडीच्या नोंदीवर, डाग पडतो.

दुचाकी घ्यायचीच असेल तर ‘फ्लॅट’ व्याजाचं गणित करून बघा. एक लाख रुपये, १० टक्के फ्लॅट, तीन वर्षं: व्याज सरळ ३०,०००, हप्ता साधारण ३,६११. ऐकायला दहा टक्के. पण मुद्दल दर महिन्याला कमी होत असताना व्याज मात्र पूर्ण लाखावर मोजलेलं आहे, म्हणून खरा दर सुमारे १८ टक्के पडतो. सेल्समनला एवढंच विचारा: “घटत्या शिलकीवर किती?”

चौथं: पतसंस्था, आणि ती सही

नियमित झालात की पगारदार पतसंस्थेचा फॉर्म टेबलावर येतोच. सभासद व्हायला हरकत नाही. शेअर्स आणि मासिक वर्गणी कापली जाते, वर्षाला लाभांश मिळतो, आकस्मिक कर्ज बँकेपेक्षा लवकर मिळतं. अडचणीत पतसंस्थेनं तारलेली कितीतरी घरं आहेत. पण लक्षात असू द्या, बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा असतो, सहकारी बँकेतल्यासुद्धा. पतसंस्थेतल्या ठेवीला तो नसतो. बँकेतही पाच लाखांच्या वर कुणी हमी देत नाही. पुण्याच्या रुपी बँकेवर २०१३ मध्ये निर्बंध आले आणि २०२२ मध्ये तिचा परवाना रद्द झाला. ठेवीदारांची ती मधली वर्षं या शहरानं पाहिली आहेत. तेव्हा पतसंस्थेत वर्गणीपुरते, आयुष्याची पुंजी नाही.

पगारपत्रकात दोन रकाने असतात: शासकीय कपाती आणि अशासकीय कपाती. पहिल्या रकान्यावर आपला इलाज नाही. दुसरा रकाना सगळा आपल्या सहीचा: पतसंस्था, विमा हप्ते, सोसायटी. पंचावन्न हजारांच्या पगारातले एकोणीस हजार घरी नेणारे लोक मी पाहिलेत, आणि त्यांच्यात उधळ्या एकही नव्हता.

आणि जामीन. मधल्या सुट्टीत एक ज्येष्ठ सर शेजारी येऊन बसतात. “सर, जरा एक सही हवी होती. औपचारिकता आहे फक्त.” फॉर्म अर्धा भरलेला असतो, तुमचं नाव पेन्सिलीनं आधीच लिहिलेलं असतं. तीनच महिन्यांपूर्वी याच सरांनी तुमचा सेवापुस्तकाचा घोळ मिटवलेला असतो. नाही कसं म्हणायचं?

कायदा सांगतो, मग ठरवा. भारतीय करार कायदा १८७२ च्या कलम १२८ प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. निम्मी नाही, नंतरची नाही. सहकार कायद्याच्या कलम १०१ चा वसुली दाखला निघाला की वसुली दोघांकडून होऊ शकते, आणि पगारदाराच्या बाबतीत कपात पगारातूनच सुरू होते. कर्जदार निवृत्त झाला, दीर्घ रजेवर गेला, की संस्था तुमचं पगारपत्रक उघडते.

तेव्हा नियम करा. शिक्षण सेवक असेपर्यंत कुणालाच जामीन नाही. “अजून नियमित नाही हो सर” हे सोपं आणि खरं कारण आहे. नंतरही एका वेळी एकालाच, तेही कर्जाची रक्कम, मुदत आणि त्यांची निवृत्तीची तारीख विचारून. कर्जाची मुदत निवृत्तीच्या पलीकडे जात असेल तर सही नाही. कोऱ्या फॉर्मवर तर कुणासाठीच नाही. अवघड जातं, संबंध चार दिवस आंबतात, मग पूर्ववत होतात. मदत करायचीच असेल तर परत नाही आले तरी चालतील एवढे पैसे हातात द्या. जामीनकीपेक्षा ते स्वस्त पडतं.

भिशीचं थोडक्यात: ओळखीच्या दहा-बारा जणींची, छोट्या रकमेची असेल तर सवय म्हणून ठीक. ‘जास्त परतावा’ हा शब्द आला की उठा.

पाचवं: विमा आणि कर

मार्च आला की विम्याचे एजंट शाळेत दिसू लागतात. पुष्कळदा ते कुणा सहकाऱ्याचे यजमान किंवा सौभाग्यवती असतात. “कर वाचेल” हे त्यांचं हुकमी वाक्य. ते आता तुम्हाला बहुधा लागूच होत नाही. २०२५-२६ या आर्थिक वर्षापासून नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सवलतीमुळे कर शून्य होतो. पगारदारांना ७५,००० ची प्रमाणित वजावट धरून १२ लाख ७५ हजार. माध्यमिकच्या वार्षिक २,१६,००० मानधनावर कुठला कर वाचवायचा? भविष्य निर्वाह निधी, पॉलिसी, ट्यूशन फी यांची दीड लाखाची वजावट फक्त जुन्या प्रणालीत आहे.

विमा घ्यायचा तो विमा म्हणून. घरी कुणी तुमच्यावर अवलंबून असेल तर साधा टर्म विमा. त्यात पैसे परत मिळत नाहीत, म्हणूनच तो स्वस्त असतो. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्य विम्यावरचा जीएसटीही निघाला आहे. तेवढंही झेपत नसेल तर बँकेत सांगून पंतप्रधान जीवन ज्योती विमा योजना (वर्षाला ४३६ रुपये) आणि सुरक्षा विमा योजना (वर्षाला २० रुपये) सुरू करा. दोन्हींत दोन-दोन लाखांचं कवच आहे. हप्ता मेच्या अखेरीस कापला जातो, तेव्हा त्या सुमाराला खातं रिकामं ठेवू नका. गळ्यात पडलेली नवी पॉलिसी नको असेल तर कागद मिळाल्यापासून ३० दिवसांत परत करता येते.

आजारपणासाठी अनुदानित शाळेत वैद्यकीय प्रतिपूर्ती असते, पण ती आधी खर्च आणि मागून बिल अशी. म्हणून स्वतःचा छोटा आरोग्य विमा हवा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार ठरलेल्या रुग्णालयांत होतात. रेशनकार्डावर पत्ता गावाचा असला तरी कार्ड जवळ असू द्या.

सहावं: बचत, आणि वरकमाई

वरकमाईसाठी खाजगी शिकवणीचा विचार मनात येईल. शिक्षण हक्क कायदा २००९ चं कलम २८ शिक्षकाला खाजगी शिकवणी घ्यायला मनाई करतं, त्यामुळे तो रस्ता सोडा. बोर्डाचे पेपर तपासणं, निवडणुकीचं काम यांचं मानधन उशिरा का होईना येतं. ते आल्यावर मोजा, आधी नको.

नियमित झाल्यावर एनपीएसमध्ये (राष्ट्रीय पेन्शन योजनेत) मूळ वेतन आणि महागाई भत्ता यांच्या १० टक्के तुमचे आणि १४ टक्के शासनाचे जमा होतात. जमा होतात की नाही, हे बघायचं काम तुमचं. वर्षातून दोनदा प्रान खात्याचा (प्रान म्हणजे एनपीएसमधला तुमचा कायम क्रमांक) उतारा काढून पगारपत्रकाशी ताडून पाहा. एखादा महिना गायब असेल तर त्याच वर्षी अर्ज द्या. दहा वर्षांनी शाळेतला लिपिक बदललेला असतो आणि बिलंही सापडत नाहीत.

मानधनाच्या काळात पोस्टाची आरडी (आवर्ती ठेव) पुरेशी आहे, महिना १०० रुपयांपासून सुरू होते. पीपीएफचं (सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीचं) खातं ५०० रुपयांत उघडून ठेवा. पंधरा वर्षांची मुदत खातं उघडलेलं आर्थिक वर्ष संपल्यापासून मोजली जाते, म्हणून लवकर उघडलेलं बरं. मुलगी झाली तर सुकन्या समृद्धी. शेअर बाजाराच्या निर्देशांकामागे चालणाऱ्या इंडेक्स फंडात एसआयपी (दरमहा ठराविक गुंतवणूक) करायची ती सात-आठ वर्षं हात लावायचा नाही अशाच पैशांची, आणि तीन महिन्यांचा खर्च बाजूला पडल्यानंतर.

शेवटी एक कंटाळवाणं काम, पण याच रविवारी उरका. नेमणूक आदेश, रुजू अहवाल, मान्यतेचं पत्र, शालार्थ आयडी, प्रान नंबर, पॉलिसी या सगळ्यांच्या दोन-दोन प्रती काढा. एक संच पुण्यात, एक गावी. प्रत्येक खात्यावर नामनिर्देशन आहे का बघा, आणि लग्न झालं की एनपीएस, बँक, पतसंस्था, विमा अशा चारही ठिकाणी ते बदलून घ्या, कारण एका ठिकाणी बदललेलं नाव दुसरीकडे आपोआप जात नाही. सेवापुस्तकाची दुय्यम प्रत मागून घ्या आणि वेतनवाढीची नोंद दरवर्षी स्वतःच्या डोळ्यांनी बघून या.